पाच किलोमीटरांतलं बेट

४ जुलै २०२१, रविवार

एल्साने नाताळासाठी पोस्टाने पाठवलेली ही डायरी मे महिन्यात हातात पडली. अर्धं वर्ष कोरंच गेलं. आता सिडनीत परत लॉकडाउन लागलाय, व्हॅलेंटाइन चोवीस तास घरात आहे आणि मला कुणाशी तरी बोलायला हवं, म्हणून लिहायला घेतलं. नाहीतर माझ्या हातून त्याच्या डोक्यात लाटणं बसायचं.

एल्साला मुलगी होऊन महिना झाला. आमची पहिली नात. एल्सा ग्रीसच्या किथिरा नावाच्या बेटावर राहते. जावई स्टाव्रोस तिथलाच. लग्न इथे सिडनीत झालं, आणि मग त्याच्या आईची ऑलिव्हची झाडं बघायला कुणी नाही म्हणून दोघं तिकडे गेली. विहीणबाई विमानात बसत नाहीत, त्यामुळे लग्नालाही आल्या नव्हत्या. बाळंतपणाला मी जाणार होते. पण ऑस्ट्रेलियाबाहेर पडायला आता सरकारची परवानगी लागते. आम्ही अर्ज केला. नात बघायची आहे हे कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही. परत केला, परत तेच.

बरं, त्या पोरीला अजून नाव नाही. आमच्या वसईत बाळ जरा मान धरायच्या आत स्नानसंस्कार उरकतात. देवळात डोक्यावर पाणी पडलं की नाव पक्कं, आई मोकळी, आजी मोकळी. तिकडे सगळे तिला नुसतं बेबा म्हणतात. बेबा म्हणजे ग्रीकमध्ये बाळी. म्हणजे नाव नाहीच. एल्साला विचारलं तर म्हणते, "होईल गं मम्मी, व्हेन इट्स टाइम." कसली वेळ बघतायत देव जाणे.

आणि इकडे व्हॅलेंटाइन. जन्म गेला रेल्वेच्या सिग्नल खात्यात. हातात टाइमटेबल नसेल तर याला जेवण जात नाही. ट्रिप रद्द झाली म्हणून गप्प बसेल असं वाटलं होतं. आज त्याने डायनिंग टेबलवर त्या बेटाचा नकाशा पसरला आणि शेजारी आमच्या उपनगराचा, गिरावीनचा. आमचं घर म्हणजे बेटाचं बंदर. पेंडल हिल स्टेशन म्हणजे होरा, तिकडचं मुख्य गाव. टुंगाबीचा ओढा म्हणजे काप्साली, तिथे समुद्र आहे म्हणे. "रोज एक गाव करायचं," म्हणाला, "आणि खायचं तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये."

मी म्हटलं, "आणि माझे गुडघे?" माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलवाले नुसते पुढे ढकलतायत. तो म्हणाला, "हळूहळू जाऊ, कॉन्स."

११ जुलै

आज होरा झालं. पेंडल हिलपर्यंत चालत, तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढायला लावल्या. पलीकडे आमचं काहीएक काम नव्हतं. होऱ्याला किल्ला आहे आणि किल्ल्याला पायऱ्या असतात, म्हणून. वर जाऊन परत खाली आलो.

मग रेस्टॉरंट. म्हणजे आपलं नेहमीचं डोशाचं दुकान, तेही फक्त टेकअवे. दुकानाबाहेरच्या कठड्यावर बसून हा फोनवरून होऱ्यातल्या कुठल्याशा रेस्टॉरंटचं वर्णन मोठ्याने वाचत होता. गच्चीवर टेबलं, खाली समुद्र, कोळशावर भाजलेला ऑक्टोपस. "मेदूवडा म्हणजे ऑक्टोपस समज," म्हणाला. शेजारी रांगेत एक तेलुगू कुटुंब उभं होतं. ते आमच्यापासून दोन पावलं लांब सरकले. मला नाही वाटत ते कोविडमुळे असेल.

२५ जुलै

व्हिडिओ कॉल. बेबा हसली. गॅसमुळे हसतात या वयात, पण हसली.

मागे विहीणबाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांना सगळे याया एलेनी म्हणतात, याया म्हणजे आजी. बदाम कुटून मधात शिजवून त्याचे पेढ्यासारखे गोळे वळत होत्या आणि वर पिठीसाखर भुरभुरवत होत्या. ताटंच्या ताटं. मी विचारलं, "कुणाचं काय आहे?" एल्सा म्हणाली, "काही नाही, असंच." एवढे बदाम असंच कोण कुटतं?

मग एलेनीने स्क्रीनकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट दाखवून काहीतरी विचारलं. एल्साने मान हलवली. एलेनीने मोठा सुस्कारा टाकला आणि ताटांवर फडकी टाकली. मला एक लाडू नुसता वर करून दाखवायची सुद्धा रीत नाही त्या बाईला.

१५ ऑगस्ट

आज मारियेचा सण, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. मी मनाशी धरूनच चालले होते की आज नाव ठेवणार. कॉल लावला तर मागे घंटा वाजतायत, स्टाव्रोस जाकीट घालून, एलेनी काळ्या रेशमी ड्रेसमध्ये, आणि टेबलावर परत तेच बदामाचे गोळे. बेबा मात्र साध्या झबल्यात. मी म्हटलं, "चला, झालं का?" एल्सा म्हणाली, "नाही मम्मी. आज नाही." मग सगळे कॅमेऱ्यापासून बाजूला झाले आणि एलेनी ते लाडू डब्यात भरून शेजाऱ्यांना वाटायला लागली, माझ्या डोळ्यांदेखत. एल्साला म्हटलं, "सणाच्या दिवशी एवढं गाव जमलंय, देऊळ समोर आहे, पोर हातात आहे, आणखी काय पाहिजे तुम्हाला?" ती म्हणाली, "मम्मी, प्लीज, डोन्ट स्टार्ट."

नावाचं महत्त्व मला विचारा. कॉन्स्टन्स हे नाव वसईला आमच्या नंदाखाल गावात कुणाच्या तोंडात कधी बसलं नाही. शाळेत कोस्तान, शेजारी कोस्तू, इथे ऑफिसात कॉनी. फॉर्मवर लिहिताना अजून दोनदा चुकते. म्हणून मी एल्साचं नाव दोन अक्षरी ठेवलं. आणि तिला स्वतःच्या पोरीला एक नाव देता येत नाही.

मी ठरवलंय. सत्तावीसला संत मोनिकेचा सण. माझ्या आईचं नाव मोनिका. एकोणतीसला आमची मराठी मिस्सा आहे, झूमवर. आमच्या मंडळातली सेरेना तिच्यातल्या इंटेन्शन्स, म्हणजे मिस्सा कुणासाठी आहे ते, वाचते. नातीच्या जन्माबद्दल आभाराची मिस्सा द्यायची आणि नाव सांगायचं. कुणीतरी सुरुवात करायला हवी.

व्हॅलेंटाइन म्हणाला, "करू नकोस."

"का?"

"जरा थांब, कॉन्स."

बस, एवढंच. कारण विचारलं की नकाशाकडे बघतो.

२४ ऑगस्ट

आमचा भाग आता जास्त कडक यादीत आहे. पाच किलोमीटर, व्यायामाला तासभर, रात्री बाहेर पडायचं नाही. आज अव्लेमोनास नावाचं गाव होतं, कोळ्यांचं आणि माशांच्या रेस्टॉरंटचं. ते याने ओढ्यापलीकडच्या चढावर नेऊन ठेवलंय. अव्लेमोनास समुद्रकाठी आहे हे नकाशात मलाही दिसतं. मग चढावर का? हा आपला पुढे चालतोय.

अर्ध्या वाटेत पोलिसांनी हटकलं. व्हॅलेंटाइनच्या एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. ऑफिसर पोरगीच होती, एल्साच्या वयाची. "व्हेअर आर यू हेडेड टुडे, सर?" हा सरळ म्हणाला, "अव्लेमोनास." मी कपाळाला हात लावला. तिने विचारलं, "इज दॅट विदिन फाइव्ह के?" हा म्हणाला, "ओन्ली जस्ट."

मी मध्ये पडून सांगितलं की आम्ही फक्त चालतोय, हा माझा नवरा आहे आणि याला काहीही झालेलं नाही. ती म्हणाली, "नो सिटिंग डाउन, ओके? कीप वॉकिंग." व्हॅलेंटाइनला जणू बक्षीस मिळालं. खुर्ची काखेत मारून त्याने मला पार वरपर्यंत चालवलं. आता पोलिसांचाच हुकूम आहे म्हणे.

२९ ऑगस्ट

झालं. सेरेनाने किती छान वाचलं, "व्हॅलेंटाइन आणि कॉन्स्टन्स तुस्कानो यांची नात मोनिका हिच्या जन्माबद्दल परमेश्वराचे आभार मानण्यासाठी." फादरांनीही प्रार्थनेत नाव घेतलं. मला रडू आलं. आईला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज तिचं नाव सगळ्या चौकोनांतून ऐकू आलं.

व्हॅलेंटाइन माझ्या शेजारी बसला नाही. मागे परसात जाऊन लिंबाच्या झाडाला पाणी घालत होता, पाऊस नुकताच पडून गेला असताना.

संध्याकाळपर्यंत वसईहून मेसेजवर मेसेज. माझा भाऊ जॉर्डन याने रेकॉर्डिंग कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, आईचं नाव घरात परत आलं. त्या ग्रुपवर एल्साही आहे हे माझ्या लक्षात होतं. मुद्दामच लक्षात होतं.

३० ऑगस्ट

एल्साचा फोन. व्हिडिओ नाही, नुसता आवाज.

"मम्मी, हाऊ कुड यू? देवळात नाव घेतलंस?"

"तुम्ही घेत नाही, मग कुणीतरी घ्यायला नको?"

"तुला माहितीये याया रडतेय? सकाळपासून जेवली नाहीये ती."

"तिने कशाला रडायचं? तुमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात, मला माहीत आहे. एलेनीच ठेवणार आहात ना? मग ठेवा. मी आपलं माझं एक म्हटलं तर तिचं काय गेलं?"

मागे बेबाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मग एल्सा म्हणाली, "तुला काहीच माहीत नाही, मम्मी," आणि फोन ठेवला.

मी चुकले असं मला वाटत नाही.

१२ सप्टेंबर

एल्साचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. फोटो येतात ते व्हॅलेंटाइनच्या फोनवर. तो ते दाखवतो आणि मी न बघितल्यासारखं करून बघते. पोरीला दोन खालचे दात येऊ घातलेत.

व्हॅलेंटाइन परसात जाऊन तिच्याशी बोलतो. काल आत आला तर डोळे लाल. म्हणाला, सर्दी.

मी बेटावर जाणं बंद केलं होतं. मग घर खायला उठलं आणि परवा पुन्हा निघाले. पोतामोस, म्हणजे गिरावीनच्या मैदानाला दोन फेऱ्या. त्याने डब्यात लिंबाचा भात आणला होता आणि त्याला तो ग्रीक सूप म्हणत होता. मी दोन घास खाल्ले. भांडायलाही उत्साह लागतो.

मोनिका म्हणायला माझंच तोंड उघडत नाही आता. मीही बेबाच म्हणते. मला एल्साची फार आठवण येते. कुणाला सांगणार, इथे लिहिते.

२ ऑक्टोबर

नोव्हेंबरपासून देशाबाहेर जाता येईल. काल बातम्यांत सांगितलं. ते बोलून थांबतात न थांबतात तोच व्हॅलेंटाइनचा फोन वाजला. त्याने तो माझ्या हातात दिला.

"मम्मी, ये," एल्सा म्हणाली. "अठ्ठावीस नोव्हेंबर. रविवार आहे."

"नाव काय ठेवताय?"

"ते तेव्हाच कळेल. इकडे आधी नाही सांगत."

"एलेनीच असणार."

"मम्मी. तू फक्त ये."

मी सॉरी म्हटलं नाही. तिनेही म्हटलं नाही. मी विचारलं, आपला वसईचा बॉटल मसाला आणू का. ती म्हणाली, दोन बाटल्या.

२४ नोव्हेंबर, किथिरा

पोचलो. नाकात काड्या घालून घेण्यातच अर्धा प्रवास गेला.

एल्साचं घर गावाच्या टोकाला, वर. गाडी खालीच थांबते आणि तिथून दगडी पायऱ्या, न संपणाऱ्या. मी खाली उभी राहून वर बघितलं आणि म्हटलं, झालं, मी इथेच राहते, पोरीला खाली आणा. व्हॅलेंटाइन म्हणाला, "पेंडल हिलचा पूल समज." चढले. मध्ये एकदाच थांबले, तेही याच्या बुटाची नाडी सुटली म्हणून. गुडघे फारसे बोलले नाहीत. इथली हवा चांगली असावी.

दारात एल्सा उभी होती, पोरीला घेऊन. दोन वर्षांनी बघितलं मी माझ्या मुलीला. काही बोलायच्या आत तिने बेबा माझ्या हातात दिली. जड आहे. डोक्याला मध आणि दुधाचा वास येतो. तिने माझा चष्मा ओढला आणि मला काहीच दिसेनासं झालं, ते बरंच झालं.

एलेनी आतून आली. माझ्याहून बुटकी आहे. फोनवर उंच वाटायची. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट बघितला आणि ग्रीकमध्ये बरंच काही सुनावलं. सुनावलं की काय कोण जाणे, पण आवाज तसाच होता.

२६ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

व्हॅलेंटाइनचं टाइमटेबल परवापासून कोसळलंय. होऱ्यात तो गच्चीवरच्या ऑक्टोपसवाल्याला शोधत फिरला. बंद. काप्सालीला समुद्रकाठी ओळीने रेस्टॉरंटं आहेत, सगळ्यांच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या. मिलोपोतामोसला चौकातला कॅफे बंद. उन्हाळा संपला की इथे पाहुणे नसतात आणि सगळं बेट ऑलिव्ह तोडायला जातं. इतके महिने पाठ केलेली यादी, आणि शेवटी आम्ही गाडीत बसून एल्साने दिलेले टोस्ट खाल्ले. मी म्हटलं, गिरावीनला निदान मेदूवडा तरी मिळत होता.

आज दुपारी एल्सा आम्हाला अव्लेमोनासला घेऊन गेली. गाव समुद्रालगत, अगदी सपाट. मी व्हॅलेंटाइनकडे बघितलं. त्याने समुद्राकडे बघितलं. माशांचं रेस्टॉरंट अर्थात बंद. आम्ही परत फिरणार तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. शर्टला ऑलिव्हची पानं चिकटलेली, हात काळे. मला आपादमस्तक बघून म्हणाला, "यू द ग्रँडमदर? फ्रॉम सिडनी? अबाउट टाइम, मेट."

हा बारा वर्षं सिडनीत भट्टीवर काम करून परत आलेला. त्याने कुलूप काढलं, एक टेबल पुसलं, मासे तळले, आणि आमच्याबरोबर बसून बोलायला लागला. रविवारच्या जेवणाचे मासे तोच करणार आहे. सध्या त्यांचा नाताळाआधीचा उपास आहे आणि उपासाला मासे चालतात. हे ऐकून मला या लोकांबद्दल पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मग तो म्हणाला की हे जेवण त्याने तीनदा ठरवून तीनदा मोडलंय. जुलैत. ऑगस्टच्या सणाला. मग सप्टेंबरात.

"का?" मी विचारलं.

तो एल्साकडे बघायला लागला. एल्सा टेबलक्लॉथकडे.

"यू वेअरन्ट हिअर," तो म्हणाला. एलेनीने धर्मगुरूला सांगून टाकलं होतं, एकच आजी हजर असताना स्नानसंस्कार होणार नाही. दुसरी येईल तेव्हाच. धर्मगुरू चिडला, गावातल्या म्हाताऱ्या चिडल्या, पोर आजारी पडलं तर काय करशील म्हणून घाबरवलं. ती हलली नाही. दर वेळी वाटायचं आता ऑस्ट्रेलिया दार उघडेल, ती बदाम कुटायची, आणि दर वेळी ते लाडू शेजाऱ्यांना वाटून टाकायची.

मी एल्साला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"यायाने शपथ घातली होती. म्हणाली, तुझी आई तिकडे अडकलीये. आपल्यामुळे पोर तशीच राहिलीये असं तिला कळलं तर ती तिकडे जेवायची नाही."

"आणि त्या दिवशी ती रडली, ते?"

एल्साचा आवाज बदलला. "तिला वाटलं, तू नाव ठेवून मोकळी झालीस. आता तू येणार नाहीस."

मी व्हॅलेंटाइनकडे वळले. "तुला माहीत होतं." त्याने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. उन्हाळ्याचं जुनं कार्ड होतं, उलटं धरलेलं.

परत येताना पोतामोसला पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावरच्या बाईने खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, "याया?" आणि माझा गालगुच्चा घेतला. म्हणजे बेटावरच्या शेवटच्या माणसाला माहीत होतं. एक मी सोडून. आणि मी एलेनीला लाडवावरून नावं ठेवत बसले होते. मला माझी इतकी लाज वाटली की घरी आल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेले, एलेनीच्या हातातून खलबत्ता घेतला आणि बदाम कुटायला लागले. तिने माझी पद्धत चुकीची आहे असं खुणेने सांगितलं. तरी कुटले.

२८ नोव्हेंबर, रविवार

देऊळ लहान, धूप भरपूर. त्यांच्यात आमच्यासारखं कपाळावर चार थेंब टाकून भागत नाही. पोरीला उघडी केली, नखशिखांत तेल चोपडलं आणि पाण्यात तीनदा बुडवून काढलं. ती अशी किंचाळली की मी उठलेच होते. एलेनीने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि तो सोडलाच नाही.

त्याआधीच धर्मगुरूने नाव विचारलं होतं. गॉडमदर म्हणजे स्टाव्रोसची बहीण. मी मनात एलेनी म्हणून ठेवलं होतं, मनापासून म्हणून ठेवलं होतं. त्या बाईचा हक्कच होता. मीच ते आधी मोठ्याने म्हणावं असंही आलं मनात.

गॉडमदर म्हणाली, "कोन्स्तान्तिना."

मला काही कळेना. एलेनीने मला कोपराने ढोसलं. मी एल्साकडे बघितलं, ती रडत हसत होती, म्हणाली, "कॉन्स्टन्सच ते, मम्मी. यायाने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मेमध्ये संत कॉन्स्टन्टाइन आणि संत हेलन, म्हणजे ग्रीकमध्ये एलेनी, यांचा सण एकाच दिवशी असतो. ती म्हणाली, माझं नाव कशाला, सणाला मी आहेच की शेजारी."

लहान मुलं नाव ओरडत देवळाबाहेर पळाली. पाव गावाला ते पहिल्या फटक्यात नीट म्हणता आलं, हे मी माझ्या आयुष्यात प्रथमच बघितलं. मी एलेनीला काहीतरी म्हणणार होते. मराठी सुचेना, इंग्रजी सुचेना. तिने खिशातून फडक्यात बांधलेला बदामाचा लाडू काढला आणि माझ्या तोंडात कोंबला.

एकसष्ट वर्षं मी या नावाला वैतागले. आता ते मलाच दिवसभर घ्यावं लागणार. पायऱ्या चढताना, भरवताना, चष्मा सोडवून घेताना. दुपारपासून घेतेच आहे. व्हॅलेंटाइन म्हणतो, जरा थांब, कॉन्स. आता का म्हणून थांबू?